चांद्या बैलाचं फेशियल

बैलाला काकडी आवडते. साल काढलेली असो की नसो.

*

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं की माणसाला पुढचं वावर दिसायला पाहिजे. पुंजाजी बसला तेव्हा त्याला समोर स्वतःचंच तोंड दिसलं, तेही चारी बाजूंनी बल्ब लावलेलं.

*

फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात चपला खातो. वाशीमहून एसटीनं येणाऱ्या यूसरा मॅडमनी आपले किती जोड त्या काळ्या चिखलात राहिले, ते घरी सांगितलं नव्हतं.

*

"गिऱ्हाईक आले की हसून स्वागत करा. नाव विचारा. कशाची ॲलर्जी आहे का विचारा. जाताना पुन्हा येण्याचे निमंत्रण द्या." हा तक्ता नववीच्या वर्गात, भारताच्या नकाशाशेजारी.

*

पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची उभी राहणार, यावरून या गावात ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत.

*

तोंडाला ओली माती लावलेला माणूस वाळेपर्यंत नाही म्हणू शकत नाही.

*

गावानं मागितला होता ट्रॅक्टर. म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्तीचा वर्ग. नववी-दहावीच्या पोरांना पुस्तकासोबत हाताचं कामही शिकवायचं असं सरकारनं ठरवलं, आणि हेडसरांनी गावाला विचारलं की बाबांनो, काय पाहिजे? सगळा गाव एका तोंडानं ट्रॅक्टर म्हणाला. एका तोंडानं बोलायची गावाची ती पहिलीच खेप. म्हणून तर पुढं घोळ झाला, असं म्हातारे म्हणतात.

मेडशीकडून टेम्पो आला आणि शाळेच्या ओट्यावर खोकी उतरली. शाळा समितीचा अध्यक्ष उदयसिंग यानं नारळ फोडला. त्याचा भाचा वाशीमला मोटार दुरुस्ती शिकून रिकामाच बसला होता, तोच इथं शिकवायला लागणार हे उदयसिंगनं मनातल्या मनात पक्कं केलं होतं. नारळ उदयसिंगनं फोडला म्हटल्यावर पहिलं खोकं पुंजाजीनं फोडलं. या दोघांचं असंच. एकानं शिंकलं तर दुसरा खोकणार.

खोक्यातून निघाली एक काळी, गुबगुबीत, जड बुडाची खुर्ची.

"सीट आली!" पुंजाजी म्हणाला. "मागून इंजन येते आता."

आणि उदयसिंगच्या आधी तो तिच्यावर बसला. कोणीतरी खालचा दांडा पायानं दाबला, तशी खुर्ची पुंजाजीला घेऊन वर निघाली.

"हायड्रॉलिक हाय बाप्पा!"

दुसऱ्या खोक्यातून बल्ब लावलेला आरसा निघाला. तो मागचं पाहायचा आरसा ठरला. तिसऱ्यातून नळी वाकवलेलं वाफेचं यंत्र निघालं, ते रेडिएटर ठरलं. चौथ्यातून गुलाबी टॉवेल, क्रीमच्या डब्या आणि मुलतानी मातीच्या पुड्या निघाल्या. त्या पुड्या हातोहात फिरल्या आणि परत खोक्यात गेल्या.

तेवढ्यात एका हातात चप्पल धरून, गुडघ्यापर्यंत चिखल लेवून यूसरा मॅडम आल्या.

"मी इथली नवी शिक्षिका," त्या म्हणाल्या. "ब्यूटी अँड वेलनेस."

"म्हंजे ट्रॅक्टरचंच ना?" पुंजाजीनं वरूनच विचारलं. त्याला खाली कसं यायचं ते कळत नव्हतं.

*

पुंजाजीची पोरगी सुचिता नववीत. अंगानं काडी, जिभेनं करवत. पुंजाजीनं तिची आठवी झाली तेव्हाच ठरवलं होतं की आता बास, सोयाबीनला हात पाहिजेत. सुचितानं नवा वर्ग पुढं केला.

"बाबा, हाताचं काम शिकून राह्यलो मी. पुस्तक नोय हे."

"थोबाडं पुसाचं काम!"

"वाशीमले थोबाड पुसाचे पैशे भेटतेत. तुम्ही रोज फुकट पुसता."

पुंजाजीनं नाकातून हवा सोडली आणि निवाडा दिला, "वर्ग हाय तोवर जाय. वर्ग बंद झाला का दप्तर आड्याले टांगजो आन् विळा घेजो. मंग दहावी नाई, फहावी नाई."

सुचिताचं सगळं शिक्षण असं त्या गुबगुबीत खुर्चीच्या बुडाला बांधलेलं होतं. म्हणून श्रावण सरत आला तेव्हा यूसरा मॅडमनी जे सांगितलं, ते तिनं दोनदा विचारून घेतलं. तपासणीला वाशीमहून बाई येणार. पोरींनी एकमेकींची तोंडं रंगवलेली चालणार नाहीत. बाहेरचं गिऱ्हाईक पाहिजे, वर्गात येऊन बसलेलं. गिऱ्हाईक नसेल तर या गावाला या वर्गाची गरज नाही असं समजायचं, आणि सामान खोक्यात भरून दुसऱ्या शाळेला.

"आणि मी घरी," यूसरा मॅडम म्हणाल्या. "चपला तरी वाचतील."

सुचिता गिऱ्हाईक शोधायला गावात निघाली.

हिरीबाई : माह्या तोंडाले माती? मेल्यावर लावजो व माय, तवा मी काई म्हनत नाई.

रुपाबाई : मी आली असती, पन मी गोरी होऊन घरी गेली तर हे मले वळखतीन का? तसेच कमी पाह्यतेत.

तुळसाबाई : काकडी डोयावर ठेवतेत? डोयावर? कोशिंबीर कायची करता मंग?

हिरीबाई (सुचिता दारातून वळल्यावर) : पोट्टे, वाफ फुकट हाय का? मंग येतो. माहं नाक लय दिसाचं चोंदलं हाय.

शेवटी तिघी यायच्या झाल्या. एक नाकासाठी, दुसरी पहिलीनं जास्त गोरं होऊ नये म्हणून, आणि तिसरी दोघींवर नजर ठेवायला. पण उदयसिंगला वास लागला. हा वर्ग उठला की खोली रिकामी, खोली रिकामी की ट्रॅक्टर, ट्रॅक्टर की भाचा. त्यानं पारावर बसून हलकेच सोडून दिलं की ती तपासणीवाली बाई मोबाईलवर फोटो काढते, आणि तोंडाला माती फासलेल्या बायांचे फोटो पार मुंबईपर्यंत जातात. संध्याकाळपर्यंत गावातल्या एकूण एक बाईला दुसऱ्या दिवशी घर लिपायचं निघालं.

*

तपासणीवाल्या प्रियदर्शनी मॅडम आल्या त्या नेमक्या खांदशेकणीला. पोळ्याचा आदला दिवस. या दिवशी बैलाला न्हाऊ घालायचं, औतानं घट्टे पडलेले त्याचे खांदे लोणी-हळदीनं शेकायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. गावातला बाप्या म्हणवणारा प्रत्येक जण बैल घेऊन नाल्यावर. बाया शेणमातीत कोपरापर्यंत. वर्गात काळी खुर्ची रिकामी, आणि तिच्यासमोर प्रियदर्शनी मॅडम घड्याळ पाहत बसलेल्या.

"येतीलच," यूसरा मॅडम म्हणाल्या. असं त्यांनी बरेचदा म्हटलं.

सुचिता धावत घरी गेली. तिची माय आवडाबाई ओसरी सारवत होती.

"माय, चाल ना शायेत. घडीभर बस त्या खुर्चीत."

"वेडी झाली का व? गावादेखत पाय पसरून बसू? तुह्या बापाचे बैल यायचे हायेत, चूल पोतायची हाय."

"माय, वर्ग उठन. मंग मले विळा—"

"मी येत नाई म्हंजे येत नाई." आवडाबाईनं मान वर न करता सारवणाचा हात फिरवला. मग दबक्या आवाजात म्हणाली, "बायाइच्या नादी काहून लागून राह्यली? ज्याले नटाची हौस हाय त्याले धर."

"कोनाले?"

"नाल्यावर पाह्य."

सुचितानं मायकडं पाहिलं. माय सारवतच होती. सुचिता नाल्याकडं सुटली.

नाल्यावर पुंजाजी आपल्या चांद्याला घासत होता. चांद्या पांढरा, कपाळावर करडा चांद, आणि तोऱ्यानं मालकाच्या वरताण. पलीकडच्या काठावर उदयसिंग आपला बैल धूत होता. दोघं एकमेकांकडं न पाहता एकमेकांचे बैल पाहत होते.

"बाबा, चांद्या द्या ना थोडा टाइम."

"कायले?"

"शायेत नेतो."

"बैल नववीत घालतं का?"

सुचितानं आवाज मुद्दाम खाली आणला, पण पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढाच. "तठी क्रीम हाय, बाबा. माती हाय. मोठा आरसा हाय. चांद्याले असा चमकवतो का उद्या तोरनाखाली दुसरा बैल दिसाचा नाई. काकाचा बैल आताच तुमच्यापेक्षा उजळ दिसून राह्यला."

पुंजाजीनं पलीकडं पाहिलं. उदयसिंगनं चटकन आपल्या बैलावर आणखी एक बादली ओतली.

"चाल," पुंजाजी म्हणाला.

*

चांद्या वर्गाच्या दारातून आत मावेना, म्हणून खुर्ची सोडून बाकी सगळं सामान ओट्यावर आलं. बातमी चांद्याच्याही आधी गावात पोचली होती. ओट्याभोवती आधी पोरं, मग माणसं, मग न्हायलेले बैल घेऊन नाल्यावरून परतणारी माणसं. घर लिपायचं राहिलेल्या बाया गोळा झाल्या, तळवे शेणानं माखलेले तसेच. मागं उदयसिंगही आला. न येऊन कसं चाललं असतं?

प्रियदर्शनी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बैल तिथंच होता.

"हे काय आहे?"

"गिऱ्हाईक," सुचिता म्हणाली.

"मॅडम, मी समजावते," यूसरा मॅडम कासावीस होऊन पुढं झाल्या.

"थांबा," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. वाशीमहून एवढा चिखल तुडवून आल्यावर त्यांना काहीतरी पाहूनच जायचं होतं. "कर सुरू. आम्ही शिकवतो त्या क्रमानं. एक पायरी चुकली तर तिथंच थांबवीन."

सुचितानं हात धुतले. हसून बैलापुढं वाकली.

"नमस्कार. या, बसा."

"बसला त उठाचा नाई!" गर्दीतून कोणीतरी.

"तुमचं नाव?"

"चांद्या पुंजाजी!" पोरांनी एका सुरात सांगितलं.

"तुमाले कशाची ॲलर्जी हाय का?"

"कामाची!" रुपाबाई म्हणाली. "मालकावर गेला हाय."

गर्दी फुटली. प्रियदर्शनी मॅडमनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्याचं सोंग केलं. सुचितानं चांद्याच्या गळ्याभोवती गुलाबी टॉवेल गुंडाळला. ओल्या कापसानं डोळ्यांचे कोपरे पुसले, नाकपुड्या पुसल्या, शिंगांच्या बुडाचा मळ काढला. मग वाफेचं यंत्र लावलं. नळीतून फुस्स करून पहिली वाफ आली तसे चांद्यानं कान टवकारले, शेपूट उचललं आणि शाळेच्या ओट्यावर जे करायचं ते केलं. हेडसरांचा बूट थोडक्यात वाचला.

"ग्राहक घाबरला तर?" प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज परीक्षेचाच होता.

"थांबाचं. त्याच्याशी बोलाचं. भेव गेलं का पुढचं कराचं." सुचितानं यंत्र बंद केलं, चांद्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली. "भेऊ नको रे. चुलीवर पानी उकळते ना, तेच हे. पाह्य."

चांद्यानं कान पाडले. तिनं चेहऱ्याला मुलतानी माती लावली, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. चांद्यानं मान एकदा झटकली, चकत्या खाली पडल्या आणि त्यानं त्या जिभेनं टिपल्या. सुचितानं पुन्हा ठेवल्या. चांद्यानं पुन्हा टिपल्या.

"म्या म्हनलं नोतं, कोशिंबीर कायची करता?" तुळसाबाई म्हणाली.

"मालिश," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

सुचितानं क्रीमची डबी उघडली, वास घेतला आणि बंद केली. घरून लोण्याची वाटी आणि हळद आणायला एका पोरीला पिटाळलं. पळसाचं पान लोण्यात बुडवून तिनं चांद्याच्या खांद्यावर ठेवलं, जिथं जू बसून बसून कातडं जोड्याच्या तळासारखं झालं होतं. बोटांनी दाबत, गोल गोल, वरून खाली. तक्त्यावर होतं तसंच, आणि तिच्या आज्यानं केलं असतं तसंही. गर्दीतले बैलवाले पुढं सरकले. चांद्यानं मान खाली टाकली, डोळे मिटले, आणि त्याच्या ओठांतून लाळेची तार ओट्यावर लोंबली.

"संध्याकायच्या आधी खांदे शेकत नसतेत," पुंजाजी पुटपुटला, पण त्याचे डोळे बैलावर चिकटले होते. चांद्या लख्ख दिसत होता.

शेवटी सुचिता बैलाच्या कानाशी वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

"हे काय?" प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं.

"शेवटची पायरी. पुन्हा येण्याचं निमंत्रण."

प्रियदर्शनी मॅडमनी कागदावर शेवटची खूण केली. मग म्हणाल्या, "पायऱ्या सगळ्या बरोबर. हात चांगला आहे. पण बाळा, मी वाशीमला जाऊन काय सांगू? माणूस पाहिजे. एक तरी. आजवर कोणा खऱ्या माणसाला काही केलंस का तू? या गावातल्या?"

सुचितानं गर्दीत पाहिलं. मागं, पडवीच्या खांबाला टेकून आवडाबाई उभी होती. सुचितानं मान खाली घातली आणि नाही म्हणाली.

"झालं मंग," उदयसिंग म्हणाला. "आना खोकी. बांधा दोऱ्या. पुंजाजी, तुह्या घरी बैलाले पार्लर हाय आन् मानसाले नाई, हे बाकी पक्कं झालं."

माणसं हसली. पुंजाजीचे कान तापले. यूसरा मॅडम टॉवेलची घडी घालायला लागल्या. एक घडी, मग दुसरी. सुचितानं हात पुसले. पुसता पुसता ती थांबली, आणि तक्त्यावर नसलेली एक गोष्ट तिला सुचली.

"मॅडम," ती मोठ्यानं म्हणाली, "अजून एक पायरी राह्यली. पयल्या मानसाचा मान."

यूसरा मॅडमची घडी हवेतच राहिली. अशी पायरी त्यांनी कधी शिकवली नव्हती.

"आतल्या खुर्चीत गावातून पयलं जो बसन, त्याचा मान. सगळ्याइच्या आधी. पोयाच्या तोरनाखाली असते ना, तसा." तिनं वर्गात जाऊन काळ्या खुर्चीची धूळ टॉवेलनं झटकली. "तो मान उदयसिंगकाकाचाच. अध्यक्ष हायेत. या काका."

उदयसिंग गोंधळला. माती त्याला नको होती, पण मान नको म्हणायची सवय त्याच्या अख्ख्या खानदानाला नव्हती. त्याचा एक पाय नकळत पुढं पडला.

तो पुरेसा होता.

"त्याचा काहून?" पुंजाजी ओरडला. "बैल कोनाचा होता? लोनी कोनाच्या घरचं? पयलं मी बसलो होतो त्या सीटवर, गाव साक्षी हाय!"

"तवा ते ट्रॅक्टर होतं!"

"सीट तीच हाय ना बे!"

दोघं एकदमच वर्गात घुसले आणि दारात अडकले. बैल जिथं मावला नव्हता तिथं हे कसे मावणार? ढकलाढकलीत पुंजाजी आधी सुटला आणि खुर्चीत पडला. उदयसिंगनं हेडसरांची लाकडी खुर्ची ओढून शेजारी मांडली आणि तीच खरी पहिली, कारण ती सरकारी, असं जाहीर केलं. तोवर दाराबाहेर माणसं उभी राहायला लागली होती. ढकलत नव्हती, भांडत होती, पण रांगेतच: उद्या ज्याची जोडी ज्याच्या मागं उभी राहणार, त्याच क्रमानं.

"राहतो आता वर्ग," म्हणत प्रियदर्शनी मॅडमनी फोटो काढायला मोबाईल वर धरला तेव्हा सगळे ताठ झाले. मुंबईची कोणालाच भीती वाटली नाही.

पुंजाजीला सुचितानं घेतलं, उदयसिंगला यूसरा मॅडमनी. तोंडं धुतली, वाफ दिली. पुंजाजीच्या तोंडातून निघालेला मळ पाहून हिरीबाई म्हणाली की यावर एक वाफा हरभरा होईल. मग दोघांना डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत माती लावली.

"आता बोलाचं नाई, हसाचं नाई, तोंड हलवाचं नाई," सुचितानं सांगितलं. "माती तडकली का वाया गेली. ज्याची आधी तडकन त्याचा मान गेला."

दोघं शेजारी शेजारी, पांढऱ्या तोंडांचे, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून एकमेकांवर नजर ठेवून. बाया खिडकीच्या गजांना चिकटलेल्या, पदर तोंडात कोंबून. रुपाबाईनं तर ओळखलंच नाही म्हणून पुंजाजीला भाऊजींऐवजी मामंजी म्हटलं. पुंजाजीची माती थरथरली, पण टिकली.

माती वाळत आली तेव्हा सुचिता बापाच्या खुर्चीसमोर उभी राहिली. प्रियदर्शनी मॅडम, हेडसर, सारा गाव ऐकेल अशा आवाजात तिनं विचारलं, "बाबा, मॅडम म्हंते वर्ग राह्यते. मंग मी दहावीले जाऊ ना?"

पुंजाजीचे डोळे मोठे झाले. त्याला खूप बोलायचं होतं. सोयाबीनचं बोलायचं होतं, विळ्याचं बोलायचं होतं, बापाला असं चारचौघांत धरतात का तेही बोलायचं होतं. शेजारी उदयसिंग त्याच्या ओठांकडं पाहत वाट बघत होता.

"नाई म्हनाचं असन त बोला," सुचिता म्हणाली. "मान काय, काकाकडं जाईन."

पुंजाजीनं नाकातून एक लांब श्वास सोडला.

"हं," तो म्हणाला, ओठ न उघडता.

"सगळ्याइनं आयकलं?"

सगळ्यांनी ऐकलं. बाहेर ओट्यावर चांद्या शाळेचा गुलाबी टॉवेल चघळत होता.

चांद्याच्याही आधी, वर्ग सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, विहिरीवर कोणी नाही असं पाहून, आवडाबाईनं आपले भेगाळलेले पाय सुचिताच्या बादलीत बुडवून घोट्यापर्यंत घासून घेतले होते, आणि कोणाला सांगितलं तर जीभ हासडीन म्हणाली होती.